आजचा अभिषेक

"आत्ती, सुई टोचते हं," मी म्हटलं.

"टोच की. रोज काय इचारतीस?" आत्तींनी पोटावरचा पदर बाजूला सारला आणि आढ्याकडं बघत ओठांतल्या ओठांत णमोकार मंत्र सुरू केला.

मी सुई काढली, कापसाचा बोळा दाबून धरला. सोप्यात टीव्हीसमोर आमचे नवे जावई भरतेशराव मांडी घालून बसले होते. हातात रिमोट. पडद्यावर कुठल्याशा नायक-नायिकेचं चित्र होतं आणि त्याच्यावर एक पांढरं चक्र फिरत होतं.

"जावईबापू, अभिषेक लावता का आता?"

"एक मिनिट आई. मागेच जात नाहीये हे."

"म्हणजे?"

"अडकलंय. होतं असं कधी कधी."

ते हसून म्हणाले, म्हणून मीही हसले. नव्या जावयासमोर सासूनं कपाळाला आठी घालायची नसते.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. परकर नेसायच्या वयात त्यांनी एका मुनिमहाराजांसमोर नेम घेतला होता, की जिनदेवाचं दर्शन झाल्याशिवाय अन्नपाणी तोंडात घालायचं नाही. लग्न झालं, बाळंतपणं झाली, नेम चुकला नाही. वारणेचं पाणी गावात शिरलं त्या वर्षी त्या गुऱ्हाळातल्या काहिलीत बसून बस्तीपर्यंत गेल्या होत्या. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. काहिलीत बसलेली बाई बघून लोक हसले, आत्तीही हसल्या, दर्शन घेऊन आल्या आणि मग जेवल्या.

पण लेकीचं लग्न झालं त्या उन्हाळ्यात न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर अंथरुणाला खिळल्या. दर्शन नाही म्हणून अन्न नाही. त्यात साखरेचा जुना आजार. घरात रडारड सुरू झाली, तेव्हा शेजारच्या गावात विहार करत आलेल्या महाराजांकडे ह्यांनी धाव घेतली. महाराजांनी निरोप दिला, की आजारपण आहे तोवर टीव्हीवर अभिषेकाचं दर्शन घेतलं तरी भाव पोचतो. आत्तींनी निरोप ऐकला, डोळे मिटून विचार केला आणि आपली एक अट जोडली. अभिषेक त्याच दिवसाचा पाहिजे. शिळं दर्शन चालणार नाही.

एका धार्मिक चॅनलवर पहाटे एका तीर्थक्षेत्रावरचा अभिषेक दाखवत. त्या वेळी आत्तींना औषधाची गुंगी असे. म्हणून ह्यांनी रेकॉर्डिंगवाला डबा आणला. पहाटे डबा आपोआप अभिषेक भरून ठेवायचा. सकाळी आत्तींचं अंग पुसून, सुई टोचून मी तो लावायची. आत्ती हात जोडून बघायच्या आणि मग भरवून घ्यायच्या. सुईनंतर अर्ध्या तासाच्या आत पोटात काहीतरी जायलाच हवं, हे डॉक्टर माणगाव्यांनी मला चारचारदा बजावलं होतं. "सुई आधी आणि जेवण नाही, असं झालं तर साखर खाली जाईल, वहिनी. मग मला बोलावून उपयोग नाही."

तर त्या सकाळी सुई टोचून झाली होती आणि पडद्यावर चक्र फिरत होतं.

आदल्या दिवशी दुपारी काय झालं होतं तेही सांगते. त्रिशलेचं लग्न होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. पाचपरतावणासाठी दोघं पुण्याहून आली होती. भरतेशराव मनानं फार चांगले. आल्या आल्या आत्तींच्या पायाशी बसले, म्हणाले, "आजी, दिवसभर पडून कंटाळा येत असेल ना? मी तुम्हाला पिक्चर दाखवतो. ह्या डब्यात नेटवरून पिक्चर घेता येतात, तुम्हाला माहीत नसेल."

"मला कशाला पिक्चर?" आत्ती म्हणाल्या, पण चेहरा खुलला होता. "पिक्चर बघून काय पुण्य लागणार हाय?"

"पुण्य नाही, पण करमणूक तर होईल."

मग भरतेशरावांनी आपल्या फोनचं नेट डब्याला जोडलं आणि एक पिक्चर सुरू केला. नायिकेनं तोंड उघडलं की चक्र. नायकानं हात वर केला की चक्र. त्याचा हात वरच राहायचा. आत्ती म्हणाल्या, "अगं बाई, ह्याचा खांदा धरला वाटतं." आम्ही सगळे इतके हसलो. शेवटी भरतेशराव म्हणाले, गावात रेंज कमी आहे, असं थांबत थांबत नको, अख्खा पिक्चर रात्रीतून उतरवून घेऊ आणि उद्या निवांत बघू. त्यांनी बटणं दाबली. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी लांबलचक आलं. त्यांनी ते अर्धवट वाचलं आणि ह्यांच्याकडे वळले. "बाबा, जागा कमी पडतेय म्हणतंय. काही ठरवलेलं काढू का विचारतंय."

"काढा की जावईबापू, काढा," हे म्हणाले. काय काढायचं हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. जावयानं हौसेनं काही मागावं आणि सासऱ्यानं कारण विचारावं, अशी आमच्याकडे रीत नाही. त्यांनी पाणी मागितलं असतं तर ह्यांनी विहीर दिली असती.

सकाळी चक्र थांबेना, तेव्हा भरतेशरावांनी वायर काढून पुन्हा लावली. डबा आपला हळूहळू जागा झाला. रेकॉर्डिंगचं पान उघडलं. भरतेशराव वर गेले, खाली गेले, पुन्हा वर गेले. त्यांच्या मानेवरची शीर ताठ झालेली मला मागून दिसली.

"आई," ते हळूच म्हणाले, "आजचा अभिषेक नाहीये ह्यात."

"नाही कसा? रोज असतो."

"ते ठरवलेलं म्हणजे... ते अभिषेकाचं रेकॉर्डिंगच होतं वाटतं. काल काढलं गेलं."

आत्तींचे कान अजून तिखट होते. त्यांनी जोडलेले हात सावकाश सोडले. "न्हाई झाला व्हय भरून? असू दे. आज उपास."

"आत्ती, सुई झालीय!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आयुष्यात मी आवाज चढवून कधी बोलले नव्हते. "सुई झालीय आत्ती. उपास चालायचा नाही."

"मग सुई काढून घे," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

त्रिशला न्हाणीतून केस पुसत बाहेर आली. तिला सगळं सांगितल्यावर तिनं टॉवेल तसाच फेकला आणि स्वतःचा फोन घेतला. हे गोठ्यातून धावत आले. त्यांना मी बस्तीकडे पिटाळलं, म्हटलं बस्तीतले पुजारी, उपाध्ये, काय म्हणतात बघा, काहीतरी वाट काढतील. हे अनवाणीच पळाले.

त्रिशलेच्या फोनवरही आधी चक्रच फिरत होतं. मग एकदाचं चित्र हललं. ती धावत आजीच्या उशाशी आली. "आजी, हे बघ. सापडला. आजचाच अभिषेक आहे. हात जोड."

आत्तींनी हात जोडले. चष्म्यातून फोनकडे निरखून बघितलं. दुधाची धार मूर्तीच्या खांद्यावरून उतरत होती, मंत्र चालू होते. मला वाटलं, सुटलो. मी वरणभाताची ताटली उचलली.

"त्रिशले," आत्ती म्हणाल्या, "ही माणसं कानटोप्या घालून का बसली हायती गं वैशाखात?"

त्रिशलेनं फोन झटकन बाजूला घेतला.

"थंडीतला हाय ह्यो. मला फसवतीस व्हय?" त्या रागावल्या नव्हत्या. "देवाच्या दर्शनात खोटं घालू नये, बाळ. उलटं पाप लागतंय."

त्रिशला पलंगाच्या पायाशी मटकन बसली.

एवढ्यात हे परत आले, धापा टाकत. उपाध्ये पहाटेचा अभिषेक उरकून शेजारच्या गावी लग्नाच्या पूजेला गेले होते, गाभाऱ्याची किल्ली त्यांच्याच कनवटीला. दार बंद. बाहेरच्या जाळीतून आत काळोखाशिवाय काही दिसत नव्हतं.

मी आत्तींचा हात हातात घेतला. तळवा गार आणि ओला लागला. वरच्या ओठावर घामाचे थेंब. पंखा तर चालू होता.

"आत्ती, मी पहाटे बस्तीला जाऊन आलेय. ह्या डोळ्यांनी देव बघितलाय आज. तेवढं तरी धरा. माझं दर्शन तुम्ही घ्या."

"तुझं दर्शन तुझं. दुसऱ्याच्या जेवणानं आपलं पोट भरतंय काय रत्ना?"

ह्यांनी डॉक्टरांना फोन लावून माझ्या कानाशी धरला. मी सांगायला लागले, तर डॉक्टर माणगावे मध्येच म्हणाले, "वहिनी, गाडी घेऊन निघतो, पण तालुक्यावरनं यायला वेळ लागेल. तोवर थांबू नका. साखर घ्या, बोटाला लावा आणि हिरडीवर चोळा. वाद घालत बसू नका त्यांच्याशी. ऐकताय ना? नेम बिम नंतर बघू."

मी स्वयंपाकघरात गेले. डब्यातली साखर वाटीत घेतली, थोडं पाणी घातलं. घाईत अर्धी ओट्यावर सांडली. परत आले, तर्जनी साखरेत बुडवली आणि आत्तींच्या तोंडाशी नेली.

त्यांनी ओठ मिटले. दात एकमेकांवर बसल्याचा आवाज मला ऐकू आला.

"आई, दाब की तोंडात!" त्रिशला ओरडली. "बघतेस काय नुसती?"

"दाबा आई," भरतेशरावही म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "मी धरतो त्यांना. माझ्या माथी पाप. मी धरतो."

आत्तींनी माझ्याकडे बघितलं. एवढंच म्हणाल्या, "रत्ना, तू पण?"

चौदा वर्षं मूल झालं नाही तेव्हा ह्या बाईनं मला एक वेडावाकडा शब्द बोलला नव्हता. माझ्या सोबत बसून माझे सगळे उपास धरले होते. माझं बोट त्यांच्या ओठांवर होतं आणि मला ते आत ढकलता येईना. मागेही घेता येईना. साखरेचं पाणी त्यांच्या हनुवटीवरून गळ्याकडे ओघळलं. त्यांनी ते पदरानं पुसून टाकलं, जीभ बाहेर न काढता.

"मानस्तंभ," मी म्हटलं.

"काय?" हे म्हणाले.

"बस्तीपुढचा मानस्तंभ. त्याच्या वर चारी बाजूंना देव आहेत ना? उघड्यावर आहेत. त्याला कुलूप नाही. आत्ती, मानस्तंभावरचं दर्शन चालतं ना?"

"चालतंय की," आत्ती म्हणाल्या. शब्द जड यायला लागले होते. "पण मला कोण नेणार?"

मानस्तंभ म्हणजे बस्तीच्या दारापुढचा उंच दगडी खांब. बस्ती आमच्या घरापासून खालच्या आळीला, पायऱ्यापायऱ्यांच्या वाटेनं. मोडलेल्या खुब्याच्या म्हातारीला तिथवर न्यायचं म्हणजे वाटेतच जीव जायचा. पण आमच्या बोळाच्या तोंडाशी उभं राहिलं की घरांच्या डोक्यावरून त्या खांबाचा वरचा भाग दिसतो. रोज जाता येता मी तिथून हात जोडायची.

हातवाली लाकडी खुर्ची आणली. चौघांनी मिळून आत्तींना पलंगावरून उचललं. मोडका पाय हलला तशी त्यांच्या तोंडातून जी किंकाळी निघाली, ती मी अजून विसरले नाही. त्रिशलेनं पाय चादरीत गुंडाळून सरळ धरला. पुढून हे, मागून भरतेशराव. मी बाजूनं साखरपाण्याची वाटी घेऊन चालले. भरतेशरावांना ओझं उचलायची सवय नव्हती. दोन पावलांवर त्यांच्या हातांच्या शिरा फुगल्या, पण त्यांनी एकदाही थांबा म्हटलं नाही. नुसते म्हणत होते, "आजी, जागे राहा हं. आजी, माझ्याशी बोला. आजी, शिव्या द्या मला."

"शिव्या... येत न्हाईत," आत्ती म्हणाल्या. मान एका बाजूला कलली होती.

बोळात दारादारांतून बायका बाहेर आल्या. कुणी म्हणालं, गेल्या काय? कुणी म्हणालं, दवाखान्यात नेतायत. बोळाच्या तोंडाशी मगदुमांचं घर. त्यांच्या दारात सोनाक्का मगदूम उभी होती. तिनं त्रिशलेला अडवूनच विचारलं आणि पोरगी बिचारी, रडत रडत सगळं सांगून बसली. डबा, पिक्चर, सुई, सगळं.

इथवर आल्यावर भरतेशरावांच्या हातातून त्राण गेलं. खुर्ची एका बाजूनं खाली टेकली, मग ह्यांनीही टेकवली. मी मातीत गुडघ्यांवर बसले. आत्तींच्या कपाळावरून घाम निथळत होता, ओठ पांढरे पडले होते. हात मांडीवर आपोआप उडत होता, जसा मेलेल्या कोंबडीचा पंख उडतो. असली उपमा माझ्या मनात यायला नको होती, पण आली.

"आई, बघ, समोर बघ," हे म्हणाले. "दिसतंय का?"

आत्तींनी मान वर करायचा प्रयत्न केला.

"थोडं वर उचलू या," हे भरतेशरावांना म्हणाले. "दम खा आणि पुन्हा एकदा. एक, दोन..."

तेवढ्यात सोनाक्का बोलली. हळूच बोलली असं तिला वाटलं असेल. सोनाक्काचं हळू म्हणजे अख्ख्या आळीला. "घ्या. नव्या जावयाचा पायगुण म्हणायचा. महिन्याच्या आत म्हातारी खाल्ली."

भरतेशरावांनी खुर्चीचे हात धरले होते. त्यांची बोटं सुटली. त्यांनी त्रिशलेकडे बघितलं. त्रिशला खाली बघत होती. लग्नाचा हिरवा चुडा तिच्या मनगटात होता आणि ती तो दुसऱ्या हातानं गच्च दाबून धरत होती, जसा काही कुणी काढून नेणार होतं.

"दिसलं," आत्ती म्हणाल्या.

"काय?" मी म्हटलं.

"दिसलं गं. देव दिसला. ठेवा खुर्ची. उचलू नगा." त्यांनी कापरे हात कसेबसे एकत्र आणले, छातीशी लावले. मग तोंड उघडलं. "दे."

मी वाटी त्यांच्या ओठांना लावली. पहिला घोट बाहेर आला. दुसरा गेला. तिसरा गेला. मी मोजायचं विसरले. वाटी रिकामी झाली तशी सोनाक्काच, हो, तीच, आतून गुळाचा खडा घेऊन धावत आली आणि तो आत्तींनी चोखला. हळूहळू डोळे जागेवर आले. त्यांनी सोनाक्काकडे बघितलं.

"सोने," त्या म्हणाल्या, आवाज खोल विहिरीतनं आल्यासारखा, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "ह्या पोरानं मला आज देवाच्या दारात आणलं. उन्हाळाभर कुणी आणलं न्हवतं. ह्यो पायगुण ध्यानात ठेव."

सोनाक्का पदर तोंडाला लावून आत गेली.

आत्तींना घरी परत नेताना खुर्ची नाही वापरली. शेजारच्या पोरांनी बाजलं आणलं, त्याच्यावर झोपवून नेलं. घरात शिरलो तर सोप्यात गाणं चालू होतं. आम्ही बाहेर धडपडत असताना डब्याला काय सुचलं कोण जाणे, पिक्चर अख्खा उतरून आपला आपण सुरू झाला होता. नायक-नायिका फुलांच्या बागेतून पळत होती, चक्र नव्हतं, अडखळणं नव्हतं. रिकाम्या घरात दोघंजणं नाचत होती.

भरतेशराव टीव्ही बंद करायला धावले.

"असू द्या," आत्ती म्हणाल्या. "एवढ्या कष्टानं आणलाय. बघू या की."

आणि त्यांनी बघितला. मी एकेक घास भरवत होते, त्या पडद्याकडे बघत चावत होत्या. भरतेशराव त्यांच्या पायाशी भिंतीला टेकून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते. आत्तींनी हात लांब करून त्यांच्या डोक्यावर ठेवला, पण नजर पडद्यावरच ठेवली. गडी माणूस रडत असताना त्याच्याकडे बघायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं.

डॉक्टर आले, साखर तपासली, माझ्यावर ओरडले, पेढा मागून खाल्ला आणि गेले. हाडाला धक्का बसला नव्हता. भरतेशरावांनी पहाटेचं रेकॉर्डिंग पुन्हा लावून दिलं, तीन तीनदा तपासलं.

दिवस मावळायच्या आत आम्ही जेवतो. त्या संध्याकाळी मी आत्तींना भाकरी दुधात कुस्करून दिली, बाजूला थोडी दोडक्याची भाजी. त्यांनी भाजी बोटानं दूर सारली.

"आजपासनं मला अळणी करत जा."

"का हो आत्ती?"

"डॉक्टर म्हणलाय."

मला नवल वाटलं. डॉक्टर माझ्यासमोरच होते सगळा वेळ आणि मिठाचं काही बोलल्याचं मला आठवत नव्हतं. मी हात धुऊन फोन केला. डॉक्टर म्हणाले, "छे हो. त्यांचं प्रेशर उलट कमी असतं. मीठ कशाला बंद करायचं?"

मी ते आत्तींना सांगितलं नाही. खुर्ची बोळातच राहिली आहे हे एकदम आठवलं, म्हणून आणायला गेले. मगदुमांच्या भिंतीशी ती तशीच होती, एक पाय मातीत रुतलेला. सकाळपासूनचा सगळा शीण पायांत उतरला होता. म्हटलं, जरा टेकावं. बसले. बसल्यावर हात जोडून वर बघितलं.

समोर मगदुमांच्या नव्या बांधकामाची भिंत होती. कच्च्या विटा, वर निघालेल्या सळ्या, सळ्यांवर वाळत घातलेलं एक घोंगडं. त्याच्या वर आभाळ. मी मान वर केली, उजवीकडे केली, डावीकडे केली. मग उभी राहिले. उभी राहिल्यावर भिंतीपलीकडं मानस्तंभाचं टोक आणि तिथला देव दिसला, मावळतीच्या उन्हात, रोजच्यासारखा. पुन्हा बसले. विटा.

आणि आत्ती माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या होत्या.

किती वेळ तिथं होते माहीत नाही. खुर्ची डोक्यावर घेऊन घरी आले. सोप्यात दिवा लावला होता. त्रिशला आणि भरतेशराव आत हळूहळू बोलत होते, मध्येच त्रिशला हसली.

"खुर्ची आणलीस?" आत्तींनी विचारलं.

"आणली."

"वेळ लागला."

"जरा टेकले होते तिथं."

आत्ती माझ्याकडं बघत राहिल्या. "खुर्चीवर?"

"हो."

"मग?"

मीसुद्धा खोटं न बोलण्याचा नेम घेतलेली बाई आहे. रोज सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसले की दिवसभराचे शब्द आठवून तपासते.

"मग काही नाही," मी म्हटलं. "पाय दुखत होते."

त्यांनी डोळे मिटले. आतून पुन्हा त्रिशलेचं हसू ऐकू आलं. आत्ती म्हणाल्या, "दार लोटून घे. पोरांना बोलू दे."

त्यानंतर त्या पुन्हा चालू लागल्या, काठी टेकत बस्तीला जाऊ लागल्या, काही वर्षांनी समाधानानं गेल्या. मीठ मात्र त्यांनी पुन्हा तोंडात घातलं नाही. लोकांना वाटायचं पथ्य आहे. उपाध्येकाकांना एकदा शंका आली, त्यांनी विचारलं, "काय हो, कसलं प्रायश्चित्त धरलंय काय?" तर म्हणाल्या, "अळणी बरं लागतंय मला."

भरतेशरावांना आता दोन मुली आहेत. सुट्टीत सगळे आले, आमचा सोपा भरला, की ते हमखास ही गोष्ट सांगतात. डबा कसा अडकला, पणजी कशी हट्टाला पेटली, खुर्ची कशी उचलली. सांगताना त्यांचे डोळे अजून भरून येतात. मुली दर वेळी तोंड उघडं टाकून ऐकतात. धाकटी विचारते, मग? आणि ते म्हणतात, मग काय, अगदी शेवटच्या क्षणी पणजीला मानस्तंभावरचा देव दिसला. म्हणून ती वाचली. म्हणून तुमचा बाप ह्या घरात मान वर करून येतो. आणि मग ते माझ्याकडे वळतात.

"हो ना आई? दिसला होता ना?"

"हो," मी म्हणते. "दिसला होता."

त्या दिवशी मी माझ्या ताटात मीठ वाढून घेत नाही.